हलकं पॅनेल

आमच्या प्रयोगशाळेत येणारा प्रत्येक पाहुणा ते पॅनेल आधी एका हातानं उचलून बघतो. मध्ये पावासारखं जाळीदार ॲल्युमिनियम, वर-खाली कार्बन फायबरचे पातळ थर. आजच्या साहेबांनीही उचललं, टिचकी मारली आणि म्हणाले, "मॅडम, हे कसला भार घेणार?" पहिल्या भेटीत सासूबाईंनीही मला असंच न्याहाळलं होतं. "हिला घर झेपेल का?" वजन म्हणजे ताकद, हे आपल्याला कुणी शिकवलं कुणास ठाऊक.

मी चिडून पॅनेल यंत्रात ठेवलं. भार वाढत गेला, ते मुकाट्यानं वाकत राहिलं. पेलण्याचा आवाज होत नाही, त्यामुळे साहेब कंटाळून चहाला गेले. अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त भार घेऊन शेवटी ते कडकन मोडलं.

साहेब कप घेऊनच धावत आले. "बघा, मी म्हटलं नव्हतं?"