भिजली तरी ऊब धरते

“लई गप हाय की गं ही.”

स्वयंपाकघरात शेजारीण बोलली. बाहेरच्या खोलीत मला स्पष्ट ऐकू आलं.

“ते फोनवर हेच सांगायचे,” पाटील वहिनी म्हणाल्या. “मॅडम बोलत न्हाईत, म्हणून दोघांचं मीच बोलतो.”

पाटलांच्या गावी, कोडोलीला, मी पहिल्यांदाच आले होते. फौज सोडून चार महिने झाले होते. मांडीवरच्या पिशवीत घोंगडीची पट्टी होती. ती परत द्यायची होती आणि एक गोष्ट सांगायची होती.

ईशान्येकडच्या एका डोंगरी ठाण्यावर मी इंजिनियर्सच्या प्लाटूनची कमांडर होते. हवालदार दत्ता पाटील माझे प्लाटून हवालदार. माझी शाळा इंग्रजी. मराठी बोलताना मी अडखळायची. ते चिडवायचे, “कोल्हापूरच्या न्हवं तुम्ही? मग बोला की, मॅडम!”

गुहांमध्ये दडवलेली स्फोटकं शोधायचं काम आमच्याकडे होतं. आत गार पाणी. उबेचे नियम पाटलांनी शिकवले. सुती बनियन नको, लोकरी घाला. घाम फुटेल इतकी घाई नको. ओल्या दगडावर बसू नका, दोराच्या वेटोळ्यावर बसा. खिशात गूळ ठेवा. ते स्वतः पोटाला घोंगडीची पट्टी गुंडाळायचे. “भिजली तरी ऊब धरती.”

त्या दिवशी 09:20 ला मी, पाटील आणि नाईक मुल्ला आत गेलो. 11:00 नंतर बाहेर पाऊस कोसळला आणि परतीची चिंचोळी वाट पाण्याने बंद झाली. तिघेही छातीपर्यंत भिजलो होतो. फील्ड टेलिफोनवर आदेश आला, “आहात तिथेच थांबा. पाणी उतरल्यावर निघा.”

माझे दात वाजत होते. पाटलांनी पट्टी सोडून पिळली आणि माझ्या हातात दिली.

“तुम्हाला?”

“दुसरी हाय की.”

मी विश्वास ठेवला. अंगावर पोंचो, म्हणजे फौजी रेनकोट, ओढून त्याखाली मेणबत्ती लावून मी आणि पाटील पाठीला पाठ लावून बसलो. मुल्ला पुढे पाणी किती चढलं याची खूण बघत होता. पाटील बोलत राहिले: गाभण म्हैस, उसाची तोड, मुल्लाची मिशी. 15:00 च्या सुमारास ते थांबले.

मला शांतता आवडते. वाटलं, दमले असतील. थंडी जिवावर उठली की माणूस आधी गप्प होतो, हे ब्रीफिंगमध्ये सांगितलेलं होतं. सांगणारे तेच होते.

18:40 ला पाणी उतरलं. पाटील उठले नाहीत. त्यांच्या अंगावर दुसरी पट्टी नव्हती.

वहिनी चहा घेऊन आल्या. मी पट्टी पुढे केली. त्यांनी ती नाकाशी धरली.

“त्यांचीच. तुम्हाला दिलती व्हय? बरं केलं त्यांनी.”

इथेच, पुढचं न सांगता, उठता आलं असतं. अजूनही दुपारी तीन वाजले की माझे कान पाठीमागच्या आवाजाकडे लागतात. कोणीतरी “बोला की” म्हणेल, असं वाटत राहतं.

“वहिनी,” मी म्हणाले, “ते तीन वाजता गप्प झाले. मी त्यांना ‘बोला की’ म्हटलं नाही.”