महारुद्रची फुंकनळी

महारुद्र नमस्कार करणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघायचा. पान खुडलं की देठ कानाजवळ मोडून आवाज ऐकायचा. जेवताना चुलतभावाच्या घराकडे पाठ करायचा. इष्टलिंगाची पूजा होईपर्यंत कुणाला शिवी देत नसे. पूजा झाली की पहिली सिद्धेश्वरला. पानमळ्याच्या ताटीच्या आत वहाण दिसली तर ती उचलून ओढ्यात फेकायचा. माझी दोनदा गेली.

सिद्धेश्वर त्याचा थोरला चुलतभाऊ. सिरसाळ्याच्या ओढ्याकाठी दोघांचा पानमळा, मधे फक्त हादग्याची एक रांग. पानमळ्यात अनवाणी शिरायचं. वहाण शिरली तर वेल जळतो, असं मानतात. या दोघांचं एकमत तेवढ्यावरच होतं.

सिद्धेश्वर शनिवारी वानरांना फुटाणे टाकायचा. फुटाणे संपले की वानरं महारुद्रच्या, पानवेल चढवलेल्या हादग्यांवर उड्या मारायची. फांदी मोडली की वेल खाली. त्या वर्षी निम्मे वेल जमिनीवर आले, आणि महारुद्रचं घर त्या पानांवरच चालायचं.

"मारुतीची जात हाय ती. मी काय करू?" सिद्धेश्वर म्हणाला.

"तुज्याकडं खात्यात, अन् मोडाया माज्याकडं कावून धाडतो बे?"

बंदुकीचा परवाना असल्या माणसाला कोण देणार? परळीच्या जत्रेतून त्यानं बांबूची फुंकनळी आणली, नारळाच्या भावात. मी हैदराबादेहून बी. ए. होऊन घरी रिकामा बसलो होतो. नळी तपासायला त्यानं मला बोलावलं.

निशाण म्हणून सिद्धेश्वरच्या छपरावरचा भोपळा. मातीची ओली गोळी नळीतच फुटली. वाळलेली भोपळ्यावर आपटून खाली आली. बांबूच्या कामटीला पीस बांधलं. ती लांब गेली, पण भलतीकडे. शेवटी बाभळीचा काटा, बुडाला कापसाचा बोळा. बोळा सैल होता तोवर फुंक बाजूनं निघून जात होती. घट्ट बसवल्यावर काटा सरळ गेला आणि भोपळ्यात रुतला.

"वानर मरायचं न्हाई," महारुद्र म्हणाला, "पर बूड टेकायचं बी न्हाई."

मग तो रोज फुंकत राहिला. वानरं सिद्धेश्वरच्या बाजूला पळायची, काटे त्यांच्यामागून. चुकलेले काटे तिकडच्या पाचोळ्यात पडायचे.

"तिकडं माणसं अनवाणी चालतात," मी म्हणालो.

"चालू दे की."

सिद्धेश्वरची बायको दानम्मा एका सकाळी लंगडत ताटीपाशी आली. तळहातावर काटा होता, कापसासकट.

"भावजी, ह्यो तुमचाच ना? आता वहाना घालून पानं खुडू का?"

तिच्यामागून सिद्धेश्वर बोलला. "अमावस्येपतुर सगळे काटे येचून काढ. न्हाईतर मी वहानंनिशी मळ्यात शिरतो. जळू दे तुजं बी, माजं बी."

महारुद्रचा चेहरा उतरला. आयुष्यात पहिल्यांदा तो भावाच्या वाट्यात शिरला. पितळी तांब्या घेऊन, वाकून, शिव्या देत, ओळीनं काटे वेचू लागला. दुसऱ्या दिवशी त्याच्याच टाचेत एक मोडला. त्यानं थुंकी लावली आणि पुढे सरकला.

"पायात काहीतरी घाल," मी म्हणालो.

"पुन्यांदा बोललास तर तुलाच ओढ्यात फेकीन."

काही दिवसांनी संध्याकाळी मान अवघडली म्हणून तो थांबला. वेचत पोहोचला होता तिथे त्यानं एक दगड ठेवला.

"सिद्धेश्वर अण्णाला सांग, दगडाच्या अलीकडं बिनघोर चाल म्हनावं. पलीकडं त्याचं नशीब."

सकाळी त्याची दातखिळी बसली होती. वैद्यानं धनुर्वात म्हटलं. पूजेचं पाणीही आत जाईना. तिसऱ्या दिवशी तो गेला; लिंगायत रीतीनं त्याला समाधी दिली. सिद्धेश्वर आला होता. रडला नाही.

अमावस्या होऊन गेली. सिद्धेश्वर वहाणा घालून शिरला नाही. तो दगडाच्या अलीकडची पानं खुडतो. पलीकडे विहिरीच्या अंगाच्या ओळी तशाच आहेत. तिथली पानं जून होऊन लोंबताहेत, आणि दगडाशेजारी तांब्या आहे, काट्यांनी अर्धा भरलेला.