आप्पांचं तांबडं दार

आमच्या स्टेशनातली गाडी आप्पांनी प्रत्येक डब्यात डोकावल्याशिवाय हलत नसे. अरुंद रुळांवरची छोटी गाडी, डबे जेमतेम पाच. पण आप्पा गार्डाच्या डब्यापासून इंजिनापर्यंत सावकाश चालत जात, खिडकीखिडकीतून बायकांचे चेहरे पाहत आणि मगच काखेतलं हिरवं निशाण उघडत. ते दिसल्याखेरीज गार्ड शिट्टी मारत नसे. एखादा नवखा प्रवासी कुरकुरला, तर जुने लोक त्याला गप्प बसवत. याचं कारण सांगायचं, तर मला माझ्याच एका शहाणपणाची गोष्ट सांगावी लागेल.

आप्पा पॉइंट्समन होते, म्हणजे रुळांचे सांधे बदलायचे आणि गाडीला निशाण दाखवायचं काम त्यांचं. बार्शीच्या वेशीबाहेरच्या त्या स्टेशनात मी मास्तर म्हणून गेलो, तेव्हा माझी पंचविशीही उलटली नव्हती. आप्पा माझ्या वडिलांच्या वयाचे, तरी मला 'अहो मास्तर' म्हणत आणि काम शिकवत. स्टेशनचा इतिहास त्यांच्या तोंडून ऐकावा. स्टेशन म्हणजे दगडी भिंतींची एक खोली, वर पत्रा आणि पुढ्यात लिंबाचं झाड. रेल्वे कंपनीच्या काळात या भिंतींचे दगड त्यांच्या आज्यानं वाहिले होते. खोलीचं तांबडं दार त्यांच्या वडिलांनी एका मोडीत निघालेल्या डब्याच्या फळ्यांतून केलं होतं. "अख्ख्या लायनीत असलं दार दुसरं न्हाय, मास्तर," असं ते महिन्यातून एकदा तरी सांगत.

त्यांची बायको बसव्वा जन्मापासून बहिरी-मुकी होती. पोरबाळ नव्हतं. दोघं खुणांनी बोलत, आणि त्या खुणांतही भांडण झालं की आप्पा पाठ फिरवून बसत, म्हणजे तिला पुढचं बोलता येऊ नये. बसव्वाला अक्षर येत नव्हतं. माहेर लातूरच्या बाजूला, गाडीनं तीन तासांवर. जाताना आप्पा बसवून देत, येताना भाऊ. तांबडं दार दिसलं की ती बोचकं घेऊन उतरे. पंचवीस वर्षं तिचं कधी चुकलं नव्हतं.

मला मात्र ते स्टेशन बघून लाज वाटे. मी वर्षभर अर्जांवर अर्ज केले आणि अखेर नूतनीकरण मंजूर करून घेतलं. बाहत्तरच्या दुष्काळातले दिवस होते. मजूर म्हणाल तितके मिळत होते. पत्रा गेला, स्लॅब आली. फलाट उंच झाला. भिंतींना पिवळा रंग लागला. पाटी झाकते म्हणून लिंब मी उभा राहून तोडून घेतला. दार काढायची वेळ आली तेव्हा आप्पा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. बसव्वा माहेरी गेली होती; स्टेशनाचं रूप पालटलं म्हणून या खेपेला सोमवारी ते स्वतः तिला आणायला जाणार होते.

"मास्तर, ती यीपतूर दार तेवढं राहू द्या की," ते म्हणाले.

मी हसलो. म्हणालो, आप्पा, आता तीन-तीन भाषांत हत्तीएवढं नाव लिहिलंय, कोण चुकतंय? हुकूम तो हुकूम, म्हणून ते मान खाली घालून गेले. दार त्याच दिवशी निघालं, त्या जागी करड्या रंगाचं नवं बसलं.

सोमवारी आप्पा सासुरवाडीला गेले, तर मेहुणा म्हणाला, विहीर आटली म्हणून तिला शनिवारीच गाडीत बसवून दिली. ती आपली आपण उतरते, म्हणून निरोप धाडला नाही.

आप्पा रात्रीच्या गाडीनं परतले. मला वाटलं, ते माझ्यावर धावून येतील. यावं असंही वाटलं. ते नव्या फलाटावर खाली बसले आणि एवढंच म्हणाले, "त्या गाडीला हिरवं निशाण मीच दावलं की, मास्तर."

आम्ही कुर्डुवाडीपर्यंतचं एकेक स्टेशन पालथं घातलं. कुर्डुवाडीच्या एका हमालाला आठवत होतं: बोचकं घेतलेली बाई दिवसभर बाकावर बसून होती, कोणी विचारलं की हातांनी हवेत चौकोन काढून दाखवायची. कोणाला काही कळलं नाही. मग दुष्काळानं बाहेर पडलेल्यांचा लोंढा रुंद रुळांवरच्या मोठ्या गाडीत चढला, त्यात तीही गेली. गाडी मुंबईकडची की मद्रासकडची, हे त्याला सांगता येईना. चौकोन म्हणजे दार, हे त्या अख्ख्या जंक्शनात कळणारा एकही माणूस नव्हता.

आप्पांनी भंगारातून दार शोधून आणलं आणि पाटीखाली उभं केलं. दर दिवाळीला ते त्याला तांबडा रंग देत. तपासणीला आलेले साहेब विचारत, हे काय? मी दर वेळी सांगे, दुरुस्तीसाठी राखून ठेवलंय. माझ्या हातून त्यांच्यासाठी झालं ते एवढंच. एकदा न राहवून मी माफी मागितली. ते म्हणाले, "तुमी तिला गाडीत बगितलं नव्हतं. मी तितंच हुबा हुतो आन् मीबी न्हाय बगितलं." त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मला पुढं झोप लागली असती.

चार वर्षांनी माझी बदली झाली. सामान चढवून मी खिडकीशी बसलो. आप्पा नेहमीसारखे शेवटच्या डब्यापासून निघाले. त्या लायनीवरच्या बायकांना आता सवय झाली होती. आमचं स्टेशन आलं की त्या आपण होऊन तोंडावरचा पदर मागे सारत. माझ्या डब्यातल्याही सगळ्याजणींनी सारला. आप्पा माझ्या खिडकीशी थांबले. मी हात जोडले, 'येतो आप्पा' म्हणालो. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. माझ्या खांद्यावरून ते मागच्या बाकावरचा एकेक चेहरा पाहत होते. शेवटचा पाहून झाला, तेव्हा त्यांनी निशाण उघडलं.