कुंपणाच्या आतलं गवत

'वाळवंटी नैसर्गिक संसाधन व्यवस्थापन विभाग' हे नाव एका दमात घेता आलं की विद्यापीठात प्रवेश मिळत असावा. राखणदार मामांना ते बावीस वर्षांत जमलं नाही. त्यांचं काम मात्र सोपं होतं. विभागाच्या मागे, वाळूच्या टेकड्यांपाशी, चाळीस एकरांना तारेचं कुंपण होतं. आत शेळी शिरू द्यायची नाही, एवढंच. कुत्री, पाहुणे शास्त्रज्ञ, कुणीही चालेल, शेळी नाही. कारण शेळीनं वाळवंट वाढवलं असं विभागप्रमुख सरांचं ठाम मत होतं, आणि सरांची मतं पुराव्यांची वाट बघत बसत नसत.

पहिली सात वर्षं मामांनी इमानेइतबारे राखण केली. आतलं गवत वाढलं, वाळलं, राखाडी पडलं आणि उभ्याउभ्या मेलं. झिजलेल्या खराट्यांसारखे झुबके नुसते उभे. सर यायचे, हात मागे बांधून बघायचे आणि म्हणायचे, "निसर्गाला वेळ द्यावा लागतो." निसर्ग घेतच होता वेळ. त्याला कुठं प्रबंध सादर करायचा होता!

आठव्या वर्षी पाऊस फिरकलाच नाही. कुंपणापलीकडच्या गावात मामांची थोरली बहीण राहायची. नवरा गेल्यापासून अठरा शेळ्यांवर तिनं घर चालवलं होतं. त्यातल्या चार एका आठवड्यात गेल्या. ताई तारेपाशी येऊन उभी राहिली.

"आत एवढा वाळला चारा पडलाय. कुणासाठी राखतोस रे?"

विभागाला उन्हाळी सुट्टी होती. मामांनी टेकडीआडची तार हातभर वर उचलली आणि शेळ्या रांगेनं आत गेल्या.

मामांना वाटलं, संपली नोकरी. झालं भलतंच! शेळ्यांनी मेलेले झुबके साफ केले, खुरांनी कडक माती फोडली, वर खतही टाकलं. आणि पुढच्या पावसात आत असं हिरवंगार फुटलं की सर आनंदानं मामांच्याच गळ्यात पडले. "बघितलंत? शेळी नाही म्हणून हे!" मामांनी मान डोलावली. दुसरं काय करणार, बिचारे!

तेव्हापासून दर उन्हाळी सुट्टीत शेळ्या पंधरा दिवस पाहुणचाराला येऊ लागल्या. गवत वाढलं, सरांना पुरस्कार मिळाला. एकदा पीएचडी करणाऱ्या मुलीला आत लेंड्या सापडल्या तेव्हा मामा घाईघाईनं पायानं वाळू लोटायला लागले.

"सर, या शेळीच्या वाटतात," ती म्हणाली.

"शेळी तर आत येतच नाही," सर म्हणाले, आणि त्यांनी निष्कर्ष काढला की हरणं परतली. त्यावरही एक निबंध छापून आला.

असं सगळ्यांचं छान चाललं होतं. मग सरकारनं सरांच्या संशोधनाची दखल घेतली आणि घोटाळा झाला. आदेशाचा मसुदा निघाला: टेकड्यांलगतच्या सात गावांतल्या सगळ्या शेळ्या महिन्याभरात हलवायच्या. शास्त्रीय आधार काय, तर मामांचं कुंपण.

मामा ताईकडे गेले. ती एकेक शेळी मोजत बसली होती. मामांना स्वतःची भयंकर लाज वाटली. इतकी वर्षं गप्प बसून आपणच बहिणीच्या पोटावर पाय दिला, असं त्यांच्या मनानं घेतलं. जाताना त्यांनी तिला एवढंच सांगितलं की सरकारची समिती कुंपण बघायला येईल त्या दिवशी शेळ्या घेऊन टेकडीवर थांब.

समिती पाहणीला आली आणि मामा पुढे झाले. "साहेब, हे गवत शेळ्यांनी केलंय. दर वर्षी मीच त्यांना आत सोडतो."

सर हसले. "मामांचं वय झालंय."

"ताई, सोड गं!" मामांनी हाळी दिली.

शेळ्या उतरल्या त्या थेट टेकडीआडच्या तारेकडे. पुढचीनं डोकं घालून तार उचलली, बाकीच्या एकामागून एक आत शिरल्या आणि समितीच्या पायांमधून निघून नेहमीच्या जागी चरायला लागल्या. एका म्हाताऱ्या शेळीनं सरांच्या हातातला अहवाल हुंगला आणि सोडून दिला.

मसुदा रद्द झाला. ताई समितीदेखत ढसाढसा रडली. मामांना दुसऱ्या दिवशी काढून टाकलं. कारण, संशोधनात ढवळाढवळ.

सरांनी काय हाय खाल्ली असेल, असं वाटतं? छे! वर्षाच्या आत त्यांचा नवा निबंध आला: मर्यादित चराईनं वाळवंटातल्या गवताला नवं जीवन मिळतं. पाठोपाठ नवा प्रकल्प, आणि त्यासाठी जाहिरात: दर वर्षी पंधरा दिवस शेळ्या आत सोडण्यासाठी क्षेत्र सहायक पाहिजे.

मामा अर्ज घेऊन गेले. कारकुनानं तो वाचला आणि मान वर केली.

"अनुभव पंधरा वर्षांचा आहे, मामा, पण पदवी लागते. वाळवंटाच्या विषयातली. एकाची निवड झालीसुद्धा, पहिल्या वर्गात पास झालेत ते." मग जरा पुढे वाकून हळूच म्हणाला, "फक्त त्यांना शेळ्या आवरत नाहीत हो. दोन दिवस येऊन दाखवाल का?"

मामांना आयुष्यात पहिल्यांदा खरा संताप आला. त्यांनी अर्ज ओढून घेतला.

"शेळ्यांना सगळं येतं," ते म्हणाले. "त्या पदवीवाल्यांना म्हणावं, गुपचूप त्यांच्या मागून चालत राहा."