चिंचेनं घासलेल्या पुंगळ्या

खालच्या मजल्यावरचे आजोबा स्वतःची काडतुसं स्वतः भरतात हे कळलं, तेव्हा मी घाबरायला हवं होतं. नवरा घाबरला. मी विचारलं, "का? दुकानात मिळत नाहीत?"

"मिळतात की," ते म्हणाले. "पण दुकानातली एकसारखी नसतात."

या एका वाक्यावर मी त्यांच्या तळघरात जाऊन बसले. मी इथे जर्मनीत, झिंडेलफिंगेनच्या मोटारीच्या कारखान्यात मोजमाप खात्यात आहे. दोन वस्तू एकसारख्या आहेत असं कुणी म्हटलं, की मला खाज सुटते. आजोबा निवृत्त टूलमेकर, ऐंशीला टेकलेले. नेमबाजीच्या क्लबात शंभर मीटरवरच्या कागदावर रायफल चालवायची, एवढाच त्यांचा शौक. माझी मुलगी त्यांना इथल्यासारखं ओपा म्हणते. मी जर्मन बोलतानासुद्धा मनात त्यांना आजोबाच म्हणते.

काम दिसायला साधं. झाडलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी परत वापरायची. तिच्यात नवी दारू तोलून भरायची आणि हाताच्या प्रेसचा दांडा दाबून तोंडात गोळी बसवायची. दारूला मी हात लावायचा नाही, त्याला सरकारी परवाना लागतो आणि तो त्यांच्याकडे. माझ्याकडे मोजणं. क्लबात बंदुकीपुढे वेग मोजणारी एक पेटी ठेवतात. दहा गोळ्यांत सगळ्यांत वेगवान आणि सगळ्यांत मंद यांच्यात फरक किती, हा त्यांच्या जिवाचा आकडा. त्यांच्या वहीत तो सेकंदाला आठ मीटरच्या वर कधी गेलेला नव्हता. बोटं थरथरायला लागल्यावरही नाही. क्लबातले लोक त्यांच्या हातांकडे बघत, तेव्हा ते वही उघडून दाखवत.

त्या उन्हाळ्यात सासूबाई तीन महिन्यांसाठी पुण्याहून आल्या होत्या. आजोबांच्या साठ पुंगळ्या लांबी मोजायला मी घरी आणल्या आणि जेवणाच्या टेबलावर पसरल्या.

"अगं, पितळ असं ठेवतात का?" सासूबाई म्हणाल्या. "शी! काळंकुट्ट झालंय नुसतं."

"आई, त्या बंदुकीच्या आहेत."

"म्हणून काय झालं? पितळ ते पितळ."

त्यांनी चिंच भिजत घातली. मी अडवलं नाही. उलट मीच बाटली धुवायचा बारका ब्रश आणून दिला, म्हटलं आतूनही होऊ दे. चाळीस पुंगळ्या देवघरातल्या निरांजनासारख्या लखलखल्या, मग चिंच संपली. आजोबांना त्या इतक्या आवडल्या, की खिडकीत ओळीनं मांडून ठेवल्या. आम्ही सासू-सुना फुशारून गेलो.

त्यातल्या वीस त्यांनी भरल्या. भरताना म्हणाले, "आज दांडा कधी जड लागतोय, कधी हलका. मनगटात जोर राहिला नाही." शनिवारी क्लबात फरक आला बावीस. दुसऱ्या दहांचा चोवीस. कागदावरची भोकं तर पांगलेल्या मेंढरांसारखी. आजोबांनी बंदूक तिच्या पिशवीत भरली आणि सरळ गाडीत जाऊन बसले.

"आल्झो, म्हणजे झालं तर," घरी पोचल्यावर म्हणाले, "हात गेले." परवान्याच्या नूतनीकरणाचा फॉर्म टेबलावर होता. तो भरायचा नाही, परवाना परत द्यायचा, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. मला इतकं वाईट वाटलं, की चहा न पिता वर आले.

कारखान्यात माप बिघडलं की आम्ही माणसाकडे आधी बघत नाही. आधी विचारतो, काय बदललं? भाजी चिरताना मी तेच विचारत होते. दारू त्याच डब्यातली. गोळ्या त्याच खोक्यातल्या. तराजू मीच तपासलेला. मग चिंचेचा रिकामा पुडा दिसला. आजोबा पुंगळी फक्त बाहेरून फडक्यानं पुसत. आतली काजळी ते ठेवत. त्या पातळ थरावरून प्रत्येक गोळी एकसारखी सरकत असणार. आम्ही तो खरवडून काढला, तोही कुठे पूर्ण, कुठे अर्धा. कोरड्या पितळात गोळी कुठे घट्ट बसली, कुठे सैल, म्हणून कुठली वेगात सुटली, कुठली मंद. दांडा जड-हलका लागला तो त्यामुळे, मनगटामुळे नाही.

"म्हणजे मी वाट लावली त्यांची?" मी हे सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या.

"आपण," मी म्हटलं. "ब्रश माझा होता."

तशीच खाली जाऊन मी सगळं कबूल केलं. आजोबांनी ऐकून घेतलं. "चिंच म्हणजे काय?" एवढंच विचारलं. मग म्हणाले, "तुम्ही मला बरं वाटावं म्हणून बोलताय."

"मग मोजू या," मी म्हटलं.

पुढच्या शनिवारी चिंचेच्या दहा आणि काजळीच्या दहा, एकाच दिवशी त्यांच्याच हातांनी भरलेल्या. चिंचेच्यांचा फरक तेवीस. मग काजळीच्या. मी त्यांच्या मागे बसून वेगाचे आकडे टिपत मनात घोकत होते, सात येऊ दे, आठ येऊ दे. आला अकरा.

आजोबांना चष्म्याशिवाय तो आकडा दिसत नव्हता. आठ म्हणावं असं मला फार वाटलं. पण माझं पोट मोजमापावर चालतं, आणि त्यांचं सगळं आयुष्य त्यावर गेलेलं.

"अकरा," मी म्हटलं.

"पूर्वी आठ होता."

"हो."

त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवून त्यांच्याकडे बघितलं. मला रडू यायला लागलं होतं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले. "म्हणजे बारा तुमच्या सासूबाईंचे आणि माझे फक्त तीन." आणि ते हसायला लागले. इतके, की शेजारच्या रांगेतल्या माणसानं कानावरचं झाकण काढून बघितलं.

घरी आल्यावर त्यांनी फॉर्म ओढला, भरला आणि सही केली. पाकीट माझ्या हातात कोंबलं. "तुम्हीच टाका. आत्ता. माझा विचार बदलायच्या आत."

मी घरातल्या चपलांवरच टपालपेटीपर्यंत धावले.