विसावी पुंगळी

ओपल रेनशॉ रागावली की हातातली वस्तू देऊन टाकायची. बहिणीशी वाजलं तेव्हा लग्नातला चांदीचा चमचासेट गेला, पाद्रीबाबांवर चिडली तेव्हा चर्चच्या गायकवृंदातली पहिल्या रांगेतली जागा गेली. मागाहून हळहळायची, पण परत मागेल तर शपथ! अमेरिकेत, आयडाहोतल्या त्या डोंगरगावात सगळ्यांना हे ठाऊक होतं. ओपलचा आवाज चढला की शेजारणी म्हणायच्या, "चला, आज काहीतरी फुकट मिळणार."

एकोणीसशे सत्तावन्न सालच्या मार्चमध्ये तिचा नवरा व्हर्जिल गेला. गोठ्याच्या कोपऱ्यात त्याचं कामाचं बाक होतं, तिथेच बसल्या जागी हृदय बंद पडलं. ओपलला रडू कोसळलं आणि त्याहून जास्त संताप आला. संताप होता त्या नव्या रायफलीवर. गावाच्या बंदुका दुरुस्त करणारा हा माणूस उभा हिवाळा थंडीत कुडकुडत एकाच रायफलीला चिकटून बसला होता. कुणासाठी विचारलं तर म्हणायचा, "हौस माझी, दुसरं काय." आणि या हौसेला रोज लागायचा कोण? तर ओपलच्या स्वयंपाकघरातला, सकाळच्या लापशीचा रवा!

झालं होतं असं, की व्हर्जिलने त्या रायफलीत काडतूस बसायचं घर नेहमीपेक्षा जास्त कोरलं होतं. काडतुसाच्या पितळी पुंगळीला बाटलीसारखा खांदा असतो. तो ताठ केला आणि बाजू सरळ केल्या की आत बंदुकीची दारू जास्त मावते, गोळी जोरात जाते. पण अशी पुंगळी कुठल्या दुकानात मिळणार? साधी पुंगळी त्याच बंदुकीत उडवून फुगवून घ्यायची, दुसरा इलाज नाही. साधं काडतूस झाडलं तरी ती फुगते, पण व्हर्जिल पक्का चिकट, गोळी वाया घालवणं त्याच्या जिवावर यायचं. म्हणून पुंगळीत चिमूटभर दारू, वर रवा, वर मेणाचं बूच. धाड! पितळ घराच्या भिंतींना जाऊन टेकायचं आणि अंगणभर रवा. कोंबड्यांची चंगळ.

"अरे, सकाळी खायचं काय आम्ही, पितळ?" ओपल दारातून ओरडायची.

"एक चमचा गं फक्त."

"एक चमचा म्हणता म्हणता डबा संपवलास. माझा रवा मला परत हवाय, सांगून ठेवते!"

तर असा तो राग. माती देऊन तीन दिवस झाले नाहीत तोच तिने ती रायफल उचलली आणि चर्चच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात, विक्रीला बसलेल्या थेल्माच्या टेबलावर नेऊन आदळली. "ने. माझ्या डोळ्यांसमोर नको." संध्याकाळपर्यंत ती विकलीही गेली, खिंडीपलीकडच्या कुणा माणसाला.

मे महिन्यात ओपलने फडताळ आवरायला काढलं. वरच्या फळीवर, पिठाच्या डब्यामागे, एक लाकडी पेटी निघाली. आत वीस खाचा. एकोणीस खाचांत ताठ खांद्याच्या पुंगळ्या, विसावीत एक साधी, अजून फुगवायची राहिलेली. शेजारी सुतळीने बांधलेले O, P, A, L या अक्षरांचे चार पोलादी ठसे आणि व्हर्जिलच्या अक्षरात चिठ्ठी: "ओपलच्या रायफलीच्या. दुसऱ्यांत मिसळू नयेत. वाढदिवसापर्यंत तोंड बंद."

ती तिथेच जमिनीवर बसली. तीस वर्षं ती व्हर्जिलच्याच लांब दस्त्याच्या रायफलीने हरणं मारत आली होती. तिचा बांधा ठेंगणा, दस्ता खांद्याला न बसता दंडावर बसायचा आणि दर शरदात दंड काळानिळा व्हायचा. तिने कधी तक्रार केली नव्हती. त्याने मात्र बघितलं होतं. आणि आपण काय केलं? नेऊन आदळली! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली तिला.

नळीवर नाव असतं तर शोधणं सोपं होतं. पण व्हर्जिलचा नियम होता: वीसच्या वीस पुंगळ्या फुगवून, मापून झाल्याशिवाय नळीवर मालकाच्या नावाचा ठसा मारायचा नाही. एकोणीसवर तो गेला. त्यामुळे रायफल कोरीच बाहेर पडली, घेणाऱ्याला ती साधीच वाटली असणार.

"माणूस होता कसा?" तिने थेल्माला विचारलं.

"टोपी घातलेली बघ त्याने."

"थेल्मा, या मुलखात टोपी नसलेला माणूस दाखव मला!"

जन्मात पहिल्यांदाच ओपल दिलेली वस्तू शोधायला निघाली. एक पुंगळी कायम खिशात. काडतुसाचं घर कोरताना हत्यारात धातूचा कीस अडकून आत केसाएवढा ओरखडा राहिला होता. व्हर्जिलने त्यापायी आठवडाभर शिव्या घातल्या होत्या. तो ओरखडा एकोणीसही पुंगळ्यांच्या खांद्यावर उमटला होता. तेवढीच खूण होती तिच्याजवळ. दीड वर्ष गेलं.

अठ्ठावन्न सालच्या ऑक्टोबरात, हरणांचा हंगाम उघडायच्या आधीच्या रविवारी, गाव नेहमीप्रमाणे खडीच्या खाणीत नेम तपासायला जमलं. खिंडीपलीकडचेही आले होते. पुरुष पुठ्ठ्यावर गोळ्या झाडत होते आणि ओपल खाली मान घालून जमिनीवरच्या पुंगळ्या बघत फिरत होती.

"ओपलबाई, बटाटे वेचताय का?" कुणीतरी चिडवलं.

"हो, आणि सगळ्यांत मोठा तुझ्या मानेवर आहे," ती म्हणाली आणि वाकली. पायाशी एक पुंगळी पडली होती. खांदा ताठ, त्यावर केसाएवढी रेघ. हाताला अजून गरम लागत होती.

चार पावलांवर एक धिप्पाड माणूस रायफलीला शिव्या देत उभा होता. लाकूडतोड्या, नाव लेलंड मॅकॉर्ड. "बिघडलेला माल गळ्यात मारला मला! बघा ना बाई, पुंगळ्या सुजून बाहेर येतात. उद्या नळी उतरवून भंगारात टाकतो आणि दुसरी बसवतो."

नुसतं 'हो बाबा, बिघडलीच आहे, देऊन टाक मला' म्हटलं की झालं. तोंड उघडलंही तिने. पण व्हर्जिलने कोरलेलं घर, आणि त्याला बिघडलेलं म्हणायचं? तेही तिने? जीभच वळेना.

"बिघडलेली नाही ती," ती चिडूनच म्हणाली. "मुद्दाम तशी केलीय. माझ्या नवऱ्याने." आणि तिने खिशातली पुंगळी त्याच्या पुंगळीशेजारी धरून सगळं सांगितलं. फक्त ती कुणासाठी केली होती, तेवढं नाही सांगितलं.

लेलंडचे डोळे चमकले. "म्हणजे ही भारी निघाली की! बरं झालं बोललात. नळी हकनाक भंगारात टाकली असती मी." त्याने रायफल छातीशी धरली.

गेली, ओपलने मनात म्हटलं. स्वतःच्या तोंडाने घालवली.

"एकच खोट," लेलंड म्हणाला आणि त्याने नेम धरून दाखवला. "दस्ता कुणा बुटक्यासाठी केलाय. गोळी झाडली की दर वेळी अंगठा नाकावर आपटतो. हे बघा, सुजलंय." मग तो थांबला. त्याच्या कोपराशी उभ्या असलेल्या ओपलकडे त्याने खाली बघितलं. "बाई, तुमचे मालक उंचीने केवढे होते?"

"तुझ्याएवढे."

त्याने रायफल तिच्यापुढे केली. ओपलने ती खांद्याला लावली. दस्ता जिथे बसायला हवा तिथे बसला, गाल आपोआप लाकडाला टेकला. तिने आपली पुंगळी आत सरकवली आणि दोन बोटांनी मागचा बोल्ट सरकवून बंद केला. कुठे अडलं नाही.

"घेऊन जा," लेलंड टोपी काढून म्हणाला. "माझी नव्हतीच ही."

"फुकट घेणारी मी नव्हे. चल घरी. लांब दस्त्याची एक आहे, तुला बसेल."

व्हर्जिलची स्वतःची रायफल तिने त्या दुपारी लेलंडच्या हातात दिली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने न रागावता काही दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोठ्यात गेली. विसाव्या पुंगळीत चिमूटभर दारू, वर रवा, वर मेण. नळी दाराबाहेर आभाळाकडे धरून तिने घोडा दाबला. धाड! कोंबड्या धावत आल्या. पुंगळी तिने मापली, विसाव्या खाचेत ठेवली आणि सुतळी सोडली. नळीवर एकेक अक्षर ठोकत गेली. शेवटचं जरा तिरकं बसलं, कारण तोवर तिला नीट दिसेनासं झालं होतं.

मग व्हर्जिलच्या स्टुलावर बसून तिने केसांत पडलेला रवा झटकला आणि रिकाम्या बाकाकडे बघून म्हणाली, "घे रे, सगळा डबा घे. मला नको परत."