साडूचे थोरले भाऊ आणि साहेबांचे पगार

शेअर बाजारात माणसे जातात ती पैसे करायला आणि बरीचशी परत येतात ती हात हलवत. पण केवळ दुसऱ्याचा पगार किती हे कळावे म्हणून शेअर विकत घेणारा माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात एकच असेल, आणि तो माझ्या साडूचा थोरला भाऊ आहे. नात्याने ते माझे कोण लागतात हे सांगायला आपल्या भाषेत शब्द नाही. साडू त्यांना दादा म्हणतो म्हणून मीही दादा म्हणतो आणि गेली पंधरा वर्षे आ वासून त्यांच्याकडे बघतो.

दादा कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात टाइमकीपर होते. त्यामुळे पगार ही लपवायची गोष्ट आहे हे त्यांना ठाऊकच नाही. तिथे खलाशापासून साहेबापर्यंत कोण कुठल्या ग्रेडात आहे हे सगळ्यांना तोंडपाठ असायचे. निवृत्त होऊन ते सोलापूरच्या जुळे सोलापूर या वस्तीत राहायला आले आणि पहिल्याच महिन्यात शेजारच्या डॉक्टरांना भर जिन्यात विचारून बसले, "हातात किती पडत्यात?" डॉक्टर तेव्हापासून लिफ्टने जातात. अशा माणसाला एके दिवशी पेपरात वाचायला मिळाले, की बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला आपल्या बड्या साहेबांचा पगार अहवालात छापावा लागतो, आणि तो कंपनीतल्या मधल्या नोकराच्या पगाराच्या किती पट आहे हेही लिहावे लागते. वहिनी सांगतात, त्या दिवशी आनंदाने ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी डीमॅट खाते उघडले. आज बावन्न कंपन्यांत त्यांचा एकेक शेअर आहे. दुसरा शेअर त्यांनी कधी घेतला नाही, कारण एकावरही अहवाल तोच येतो.

अहवाल आता सगळ्यांना मोबाईलवर येतात, पण भागधारकाने मागितला तर कंपनीला छापील पाठवावा लागतो, आणि दादा मागतात. श्रावण आला की त्यांच्या घरी व्रतवैकल्यांऐवजी पोस्टमनची वर्दळ सुरू होते. अहवाल ते मागून वाचतात. पुढे हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो, पवनचक्क्या, झाडे लावणारे साहेब. दादा तिकडे ढुंकूनही बघत नाहीत. "गोड बोलणं पुढं छापत्यात, खरं बोलणं मागं," असे त्यांचे मत. कंपनीतल्या सर्वांत जास्त पगाराच्या दहा जणांची यादी अहवालात नसते. ज्याला हवी त्याने कंपनीच्या सचिवाला लिहावे, अशी बारीक अक्षरातली एक ओळ असते. ती ओळ लिहिणाऱ्यालाही वाटत नसेल की कुणी खरोखर लिहील. दादा बावन्न जणांना लिहितात. वहिनी म्हणतात, "आमच्या ह्यांना माझ्या साडीची किंमत ठावं न्हाय, पर मुंबईच्या साहेबाला गाडीचा भत्ता किती ते झोपेत विचारा."

कुणाला वाटेल, म्हातारा जळका असावा. अजिबात नाही. एकदा मी धीर करून विचारले, की एवढाले आकडे वाचून राग येत नाही का? तर म्हणाले, "राग कशाला? घेऊ दे की. पर सांगून घ्यावं." कंपन्यांच्या कायद्याचे याहून चांगले सार मी कुठल्या वकिलाकडून ऐकलेले नाही.

त्यांचा खरा जीव अडकलेला असतो तो मधल्या माणसात. कंपनीतले सगळे नोकर पगाराप्रमाणे एका रांगेत उभे केले, की अगदी मध्यावर जो येतो तो. अहवालात त्याचा नुसता आकडा असतो, पण दादांच्या लेखी तो हाडामांसाचा माणूस आहे. त्याला यंदा किती वाढ मिळाली, साहेबाला किती मिळाली, हे ते घरातल्या आजारी माणसाची चौकशी करावी तसे बघतात. माझ्या पुतणीच्या बारशाला त्यांनी हा हिशेब समजावून सांगायला पुरुषमंडळींना चक्क पगाराप्रमाणे व्हरांड्यात उभे केले. आकडा कुणाला सांगू नका, फक्त दादांच्या कानात सांगा, असे ठरले. दादा कानाने ऐकत आणि हाताने माणूस सरकवत. सासरवाडीला भलताच पगार सांगून ठेवलेला माझा साडू तीन जागा खाली सरकला आणि पाळण्याची वेळ झाली तरी पुन्हा हसला नाही. अकरा माणसांत सहावा मी निघालो. दादांनी गर्दीतून येऊन माझा हात हातात घेतला. "तुमी मधले! सगळ्यांचं माप तुमच्यावरनं घ्यायचं," म्हणाले. आयुष्यात कुठल्याही रांगेत माझी दखल घेतली गेलेली ती पहिली वेळ. तेव्हापासून ते माझ्या तब्येतीची जरा जास्तच काळजी करतात.

वार्षिक सभा हल्ली मोबाईलवर होतात आणि बोलायचे असेल तर आधी नाव नोंदवावे लागते. सभेच्या दिवशी दादा कोट आणि टोपी घालतात, खाली पायजमा असतो. शेंगाचटणीच्या बरणीला मोबाईल टेकवतात. कुकर बंद, मिक्सर बंद, दारावरची बेलही काढून ठेवलेली. तीन मिनिटे मिळतात. "अध्यक्ष महोदय, मी सोलापूरहून बोलतोय. एका शेअरचा मालक हाय," अशी सुरुवात. अध्यक्ष मुंबईच्या एखाद्या काचेच्या खोलीत टाय लावून बसलेले असतात आणि दादा त्यांना विचारतात, "आपला पगार गेल्या साली तिसऱ्या हिश्श्यानं वाढला, आनंद हाय. मधल्या माणसाचा का घटला, तेवढं सांगा." मी शेजारी बसून हे पाहिले आहे. समोरच्या खोलीत कागद चाळले जातात. मग कुणीतरी सांगते, की आपल्या प्रश्नाची नोंद घेतली आहे. दादा कोट काढून घडी घालतात आणि कुकर लावायला परवानगी देतात.

पगारापाठोपाठ त्यांचा दुसरा विषय म्हणजे नोकरांना मिळणारे शेअर. पुण्यात नोकरीला असलेला माझा भाचा एकदा आपले भलेमोठे पॅकेज सांगत होता. दादांनी विचारले, "त्यात रोख किती आन् शेअर किती? पिकाया किती वर्षं?" भाचा गोंधळला. मग दादांनीच त्याला समजावले, की कंपनी आजच्या भावाने शेअर घ्यायचा हक्क देते, तू इतकी वर्षे टिकलास तर तो हक्क पिकतो, मग बाजारात भाव कितीही चढो, तू जुन्याच भावाने घ्यायचा. "पर ह्यो काय हुरडा न्हाय पोरा, कोवळा खायला. आन् पिकल्यावर येळंत काढला न्हाय तर बाद!" हे बाद झालेले हक्क किती, याचाही तक्ता अहवालात असतो. तो वाचताना दादांचा चेहरा उतरतो. कोण असतील ती माणसे, ज्यांनी हातातले घेतले नाही, असे ते म्हणतात.

यातला एक जण माझ्या भिंतीपलीकडेच राहत होता. सलीमभाई आमचे शेजारी. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सव्वीस वर्षे, फिटर म्हणून लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. धाकटी मुलगी फार्मसीला, दोन वर्षांची फी अजून भरायची, म्हणून या वयात वॉचमनची नोकरी शोधत होते. ईदेला शीरखुर्मा प्यायला त्यांनी आम्हाला बोलावले आणि योगायोगाने दादा माझ्याकडे आले होते, म्हणून तेही आले. सलीमभाईंच्या बैठकीत सोनेरी चौकटीत एक सन्मानपत्र होते. कंपनी बाजारात नोंदली गेली त्या वर्षी मोठ्या साहेबांनी मुंबईहून येऊन जुन्या कामगारांना शाल आणि फोल्डर दिले होते. फोल्डरमधला इंग्रजी कागद सलीमभाईंनी त्याच आठवड्यात फ्रेम करून घेतला, वर फुलांचा हार घातला. येणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवत. मीही दहादा पाहून वाहवा केली होती. मी कॉलेजात हेडक्लार्क, इंग्रजी मला येते. पण भिंतीवरचा सन्मान कोण वाचत बसतो?

दादांनी वाचला. सवयीप्रमाणे खालून वर. वाटीतला शीरखुर्मा थंड झाला तरी ते भिंतीपाशीच. मग वळून म्हणाले, "सलीमभाई, रिटायर कवा झालासा?" तारीख कळल्यावर त्यांनी बोटांवर मोजले, पुन्हा मोजले. तो कागद शेअरच्या हक्काचा होता. हक्क केव्हाच पिकलेला होता, आणि निवृत्तीनंतर सहा महिन्यांत शेअर मागितले नाहीत तर बाद. तेरा दिवस उरले होते.

सलीमभाईंना काही पटेना. आधी जुन्या भावाने पैसे भरायचे, वर कर भरायचा आणि मग शेअर मिळायचे, हे ऐकून ते हातच जोडायला लागले. "नको दादा. पयले पैसे भरा म्हनणारे रोज फोन करतात की. हे तसलंच हाय." घरात पैसेही नव्हते. दादांनी शांतपणे विचारले, "मी भरतो. बुडलं तर माजं बुडंल. मग तर झालं?" ज्या माणसाने जन्मात कुठल्याच कंपनीचा एकापेक्षा जास्त शेअर घेतला नाही, त्याने दुसऱ्या दिवशी आपली मुदत ठेव मोडली. वहिनींनी कोटाला इस्त्री करून दिली.

कारखान्यात आम्ही तिघे गेलो. मनुष्यबळ विभागातले साहेब तरुण होते, सभ्य होते आणि त्यांना काहीच ठाऊक नव्हते. "ती जुनी योजना बंद झाली असेल, काका," म्हणाले. दादांनी पिशवीतून आपल्या बावन्नांतलाच एक, त्याच कंपनीचा अहवाल काढला, शेवटून पाने उलटली आणि टेबलावर ठेवला. "ही तुमची योजना. हे चालू असल्यालं हक्क. आन् हे बाद झाल्यालं. ह्या रकान्यात सलीमभाईचं नाव मला नको हाय." साहेबांनी वाचले, पुन्हा वाचले, मुंबईला फोन लावला. मग जरा अदबीने विचारले, "आपण कोण?" दादा म्हणाले, "मालक. एका शेअरचा." मी त्या खुर्चीत बसल्या बसल्या ताठ झालो.

डीमॅट खाते, अर्ज, अर्जासोबत फ्रेममधून काढलेला तो मूळ कागद, सह्या, पुन्हा सह्या. अकराव्या दिवशी पोच मिळाली. पुढे शेअर आले, थोडे विकले, दादांचे पैसे परत झाले आणि मुलीची दोन्ही वर्षांची फी एकदम भरली गेली. वॉचमनची नोकरी सलीमभाईंनी शोधायची थांबवली.

त्यानंतर त्यांनी आम्हाला चहाला बोलावले. मुलगी बिस्किटे ठेवून आत गेली. सलीमभाईंनी कप बशीत परत ठेवला. मग म्हणाले, "एक विचारू का दादा? म्हंजे त्यो सन्मान न्हवता व्हय? साहेबांनी माजा हात हातात घेतला हुता. मी सगळ्या पाव्हन्यांना दावलं. पोरीला सांगून ठेवलं हुतं, तुज्या बापाला कंपनीनं मानलं म्हनून. आन् त्यो नुसता शेअरचा कागद निघाला."

बावन्न अध्यक्षांपुढे न डगमगणारे, एका पैशाचीही गोळाबेरीज न करणारे दादा खाली बघत होते. मला भीती वाटली, की आता ते खरे तेच सांगणार. त्यांनी मान वर केली. "सन्मानच हुता की सलीमभाई," म्हणाले. "सव्वीस वर्षं काय उगं मिळत्यात? पैसं त्याच्या मागनं आलं." सलीमभाईंचा चेहरा उजळला. कागद कारखान्यातून परत आला की पुन्हा फ्रेम करायचा, असेही ठरले.

मग मी दादांना घरी सोडायला निघालो, ते माझ्या स्कूटरवर मागे बसले होते. सिग्नलला थांबलो तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवून ते हळूच म्हणाले, "त्या कागदात सन्मान कुटंच न्हवता हो. मी तीनदा वाचला. नावाच्या जागी नुसता नंबर हाय." हिरवा दिवा लागला तरी त्यांनी हात काढला नाही. "पर हात तर घेतला असंल की हातात? साहेबानं?"

"घेतला होता," मी म्हणालो. त्या समारंभाला मी नव्हतो.